सातवी साखळी

१

गावात तिला सगळे मुकादमीण म्हणत. तिनं स्वतः कधी कुणावर मुकादमी केली नव्हती, उभा जन्म टपाल कचेरीत शिक्के मारण्यात गेला होता. पण बाप खाणीत मुकादम होता, आणि ही गोष्ट समोरच्याला पहिल्या चार वाक्यांत सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. निवृत्त झाल्यावर तिनं खाणीच्या संग्रहालयात पाहुण्यांना हिंडवून दाखवायचं काम अंगावर घेतलं. पगार नव्हता, पण तोरा असा की बाकीच्यांचे पगार हीच वाटते.

संग्रहालय म्हणजे तरी काय, खाण बंद पडल्यावर उरलेल्या तीन-चार इमारती. एकीत वजनकाटे, एकीत दिवे आणि टोप, एकीत माणसांचा पाळणा खाली-वर नेणारं मोठं चाक. मुकादमीण हे सगळं भराभर उरकायची आणि लोकांना घेऊन शेवटी कपडेघरात यायची. तिथं आली की तिचा आवाज बदलायचा.

"आता वर बघा," ती म्हणायची.

लोक वर बघत. छत चांगलं दोन मजले उंच. छताला ओळीनं कप्प्या, कप्पीवरून खाली आलेली साखळी, साखळीच्या एका टोकाला हूक आणि दुसरं टोक भिंतीलगतच्या बाकावर कुलूप लावून अडकवलेलं. कामगार सकाळी यायचा, घरचे कपडे हुकाला लावायचा, साखळी ओढून पार छतापर्यंत चढवायचा. कुलूप लावायचं आणि चावी गळ्यात घालून खाली जायचं. परत आला की साखळी सोडायची, घरचे कपडे काढायचे आणि खाणीचे ओले, काळे कपडे वाळायला वर चढवायचे.

"म्हणजे माणूस खाली, तर घरचे कपडे वर. माणूस घरी, तर खाणीचे कपडे वर. छताकडे नुसती मान वर केली की कोण कुठं आहे ते कळायचं. आणि दुसऱ्याच्या साखळीला हात लावायचा नाही. बायकोनंसुद्धा नाही."

मग ती कोपऱ्यातल्या ओळीकडे बोट करायची. तिथं सात साखळ्या होत्या. सहा हूक रिकामे. सातव्यावर, अगदी छताशी, एक पांढरा सदरा, विजार आणि राखाडी कोट. खाली बाकावर गंजलेलं कुलूप, बंद.

"हे माझे वडील," ती म्हणायची. फोटो दाखवावा तसं ती कपड्यांकडे बोट दाखवायची, आणि कुणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नसे.

२

झालं होतं असं. मुकादमीण आठ वर्षांची असताना खाणीच्या जुन्या भागात साठलेलं पाणी भिंत फोडून आत घुसलं. बहुतेक माणसं पाळण्यातून वर आली. मुकादमही पाळण्यापर्यंत आला होता, असं म्हणतात. त्यानं माणसं मोजली, सहा कमी भरली, आणि तो मागं फिरला. मुकादमानं शेवटी वर यायचं, हा त्या खाणीचा रिवाज होता. हा माणूस तर रिवाजाच्याही वरताण. सुटीची घंटा झाल्याशिवाय त्यानं कधी हत्यार खाली ठेवलं नव्हतं, आणि आपला शेवटचा माणूस पाळण्यात चढल्याशिवाय स्वतः पाऊल आत टाकलं नव्हतं.

त्या दिवशी सुटीची घंटा झालीच नाही. वर यायला कुणी उरलंच नव्हतं, तर घंटा वाजवायची कुणासाठी? चाक चालवणाऱ्यानं घंटेच्या लोलकाला गोणपाट गुंडाळलं, वरून दोरी बांधली आणि तो घरी गेला. खाणीचं ते तोंड बंद करण्यात आलं. पुढं महिन्याभरात सहा घरची माणसं येऊन कुलपं फोडून कपडे घेऊन गेली. मुकादमाची बायको आली ती नुसती बाकासमोर उभी राहिली. हातोडा घेऊन आलेल्याला म्हणाली, "चावी त्यांच्या गळ्यात आहे. येतील तेव्हा काढतील." ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती, आणि कपडे वरच होते.

इथपर्यंत अभिमानाची गोष्ट. पण डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एक जुना बोगदा होता, आणि पाणी ओसरल्यावर त्या बोगद्याच्या तोंडाशी मुकादमाचा दिवा सापडला. मुकादमीण म्हणायची, दिवा पाण्याबरोबर वाहत आला. गावातली निम्मी माणसं म्हणायची, दिवा आला तसा माणूसही आला. सहा जणांना टाकून मागच्या वाटेनं निसटला, आणि तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून परागंदा झाला.

असं म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं होता शिंपी. त्याचा बाप त्या सहांतला. शाळेत दोघं एकाच वर्गात होती, एकाच दिवशी दोघांचे बाप गेले, आणि तेव्हापासून दोघांचं वाकडं. तिच्या चोळ्या शिवायच्या असल्या की ती शेजारणीच्या हाती कापड पाठवायची आणि तो माप न विचारता बरोबर शिवून द्यायचा, पण रस्त्यात दिसली की म्हणायचा, "काय मुकादमीण, दिवा पोहत आला म्हणे?"

आता संग्रहालयात त्या अपघाताचं नवं दालन होणार होतं. संचालकबाई तरुण, शिकलेल्या आणि माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी फलकाचा मजकूर मुकादमिणीला वाचून दाखवला. सगळा चांगला होता. शेवटी एक ओळ होती: मुकादमाचं पुढं काय झालं, हे निश्चित सांगता येत नाही.

"ही ओळ काढा," मुकादमीण म्हणाली.

"मावशी, मला तुमचं पटतं. पण मला पटून भागत नाही. दिवा तिथं सापडला हे खरं आहे ना?"

"आणि कपडे वर आहेत हे? कुलूप बंद आहे हे? पळून जाणारा माणूस घरचा कोट टाकून खाणीच्या चिंध्यांत पळेल?"

संचालकबाईंनी विचार करते म्हटलं. मुकादमिणीला तेवढ्यावर थांबवेना. तिनं मागणी केली की निदान घंटा तरी वाजू द्या, पाहुण्यांना कळू दे माझे वडील कोणत्या आवाजाला मान देत होते. बाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. रखवालदारानं शिडी लावली, पण दोरी सोडली ती मुकादमिणीनंच. गोणपाट हातात आलं तेव्हा त्याचा भुगा झाला. त्या दुपारपासून शेवटच्या फेरीनंतर ती रोज एक टोला द्यायला लागली. पहिल्या टोल्याला तिला रडू आलं, आणि रडताना कुणी बघितलं नाही ना, हेही तिनं बघून घेतलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी कपडेघराच्या खिडक्या उघडायला गेली.

कपडेघराला लागून नहाणीघर. तिथले नळ केव्हाचे तोडलेले. दगडी कुंडीवर एक साबणाची वडी ठेवलेली, त्या काळातली, वाळून भेगा पडलेली, दगडासारखी. मुलांना ती हातात घ्यायला आवडायची. मुकादमिणीनं सवयीनं तिच्यावरची धूळ पुसायला फडकं फिरवलं, आणि फडकं सरकलं.

वडी ओली होती. वर फेस होता. करडा, कोळशाचा काळसर फेस, आणि त्यात बोटांच्या खुणा.

रखवालदारानं हात धुतले असतील, असं तिनं मनाशी म्हटलं. पाणी कुठलं, हा प्रश्न मनात आला तेव्हा ती मुद्दाम कपडेघराकडे वळली. कोपऱ्यातल्या ओळीखाली फरशीवर छोटं डबकं होतं. छत गळतंय, दुसरं काय. तिनं वर बघितलं.

पहिल्या हुकाला कपडे होते. काळी विजार, काळा सदरा, चिंब. टोकाला थेंब जमत होता, जमत होता, आणि पडत होता.

ती तडक संचालकबाईंच्या खोलीत गेली. "देखावा करायचा तर मला विचारून करायचा," ती म्हणाली. "हे संग्रहालय आहे, नाटक कंपनी नाही."

बाईंनी येऊन बघितलं. त्यांचा चेहरा इतका खरोखर गोंधळला की मुकादमिणीचा राग जागच्या जागी विरला. रखवालदाराला बोलावलं. त्यानं आईची शपथ घेतली, कुलूप आपण लावलं आणि आपणच उघडलं. कपडे खाली घ्यावेत म्हणून तो साखळीकडे गेला, तेव्हा मुकादमिणीच्या तोंडून आपोआप निघालं, "दुसऱ्याच्या साखळीला हात लावायचा नाही."

तो थांबला. हसण्यावारी न्यावं असं दोघांनाही वाटलं, पण कुणीच हसलं नाही. बाईंनी कपाळाला हात लावला आणि थेंबांखाली बादली ठेवायला सांगितली.

४

संध्याकाळी पाहुणे होते, घंटा झाली. सकाळी दुसऱ्या हुकावर कपडे होते.

संचालकबाईंनी दाराला नवं कुलूप घातलं आणि चावी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. संध्याकाळी घंटा झाली. सकाळी तिसऱ्या हुकावर कपडे होते. बादल्याही तीन झाल्या.

मुकादमीण भित्री नव्हती. आपण भित्री नाही हे ती स्वतःला त्या दिवसांत वरचेवर सांगत होती. कुणाचा तरी वाह्यातपणा असणार. दालन उघडायच्या आधी बोभाटा व्हावा म्हणून कुणी तरी करत असणार. चाव्या दोन असतील, खिडकीतून येत असेल, गावात रिकामटेकडे काय कमी आहेत. असं सगळं तिनं स्वतःला नीट पटवलं आणि तिसऱ्या दिवशी शेवटची फेरी संपवून, घंटेचा टोला देऊन कपडेघरात एकटीच बसून राहिली. उन्हं अजून खिडकीत होती.

खूप वेळ थेंबांशिवाय काही नव्हतं. मग नहाणीघरातून खोकला आला. एकच. छातीतून निघालेला, धूळ गिळलेल्या माणसाचा. असा खोकला गावात आता उरला नव्हता. तो खोकणारे सगळे मातीत गेले होते. तिच्या बापाला, शेजाऱ्यांना, गल्लीतल्या प्रत्येक घराला तो होता, आणि लहानपणी त्या आवाजावरच तिला झोप लागायची.

ती उठली. नहाणीघराच्या दारापर्यंत गेली नाही. गेली असती, पण पाय निघाले ते बाहेरच्या दाराकडे. रस्त्यावर आल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रखवालदाराला उगाचच झाडलोटीवरून बोलून घेतलं.

सकाळी चौथ्या हुकाचे कपडे बघताना तिला एक गोष्ट दिसली. सदऱ्याच्या कोपराला ठिगळ होतं. ठिगळ साधं चौकोनी नव्हतं. चारी कोपरे आत मुडपून पानासारखं केलेलं, कडेनं दुहेरी टीप. असं ठिगळ लावणारी एकच बाई गावात होती, आणि शिवण ती आपल्या मुलाला शिकवून गेली होती.

५

शिंपी तिला दुकानात आलेलं बघून उठूनच उभा राहिला. आजवर तिनं त्या पायरीवर पाऊल ठेवलं नव्हतं.

"काय गं, रस्ता चुकलीस?"

"संग्रहालयात चल."

"मी? तुझ्या बापाचा सदरा बघायला?"

"तुझ्या बापाचा," ती म्हणाली.

तो आणखी काही बोलणार होता, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं टेप गळ्यातून काढला आणि चपला घातल्या.  कपडेघरात आल्यावर त्यानं वर बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. मग बाकावर बसला.

"आईच्या हातचं आहे," तो म्हणाला. "त्या आठवड्यात लावलं होतं. मी सुई ओवून दिली होती तिला." थोड्या वेळानं म्हणाला, "हे खाली गेलं होतं गं. हे त्यांच्या अंगावर होतं."

"माहीत आहे."

"कुणी आणलं?"

 खोलीत फक्त थेंबांचा आवाज होता, प्रत्येक बादलीचा वेगळा.

"तुला एक सांगू?" शिंपी म्हणाला. "हसू नकोस. काल संध्याकाळी घरी गेलो, तर घरात साबणाचा वास. त्या वेळचा, तो हिरवट वडीचा. म्हटलं भास. मशीनपाशी स्टूल आहे ना, त्यावर बापू बसायचे बूट काढायला. स्टूल ओलं होतं. पुसलं. आत जाऊन आलो, तर परत ओलं." तो आपल्या तळहातांकडे बघत होता. "मी रात्रभर दिवा घालवला नाही. भीती वाटली असं म्हणवत नाही. आपलाच बाप. पण वळून बघायची छाती झाली नाही."

मुकादमिणीला त्याच्या शेजारी बसावंसं वाटलं, म्हणून ती बसली. दोघांचेही डोळे सातव्या हुकावर गेले. पांढरा सदरा तसाच होता, कोरडा, छताशी.

"तुझ्या बापाचे कपडे अजून वरच आहेत," शिंपी म्हणाला. मग फार हळू म्हणाला, "म्हणजे तो अजून खाली आहे."

"शेवटचा माणूस वर आल्याशिवाय ते येत नाहीत."

शिंप्यानं मान हलवली. एवढ्या वर्षांत त्यानं काय काय म्हटलं होतं ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर उमटून गेलं. "माझं चुकलं, मुकादमीण," तो म्हणाला. तिनं आयुष्यभर या वाक्याची वाट बघितली होती. आलं तेव्हा तिला म्हणावं तसा आनंद झाला नाही, तिची नजर साखळ्यांवरच होती.

६

सहाही हूक भरले. एका ओळीत सहा काळे कपडे आणि शेवटी एक पांढरा.

त्या सकाळी संचालकबाईंनी तिला खोलीत बोलावलं. बाईंची झोप उडाली होती, डोळे ओढलेले दिसत होते. "मावशी, हे काय चाललंय मला कळत नाही, आणि खरं सांगू, मला कळून घ्यायचंही नाही. आज माणसं बोलावून ते कपडे उतरवते. घंटाही बंद. लोलक परत बांधून टाकूया."

मुकादमिणीचे डोळे टेबलावरच्या फलकाच्या कागदाकडे गेले.

"आणि फलकावरच्या त्या ओळीचं म्हणाल, तर मी रात्री बसून पुन्हा विचार केला. तुमचं बरोबर आहे. बंद कुलूप आणि वर टांगलेले घरचे कपडे, याहून मोठा पुरावा नाही. उद्या सकाळी फोटोवाला येतोय. साखळीचा, कुलपाचा, कपड्यांचा फोटो मधोमध लावू, आणि खाली सरळ लिहू, मुकादम आपल्या माणसांसाठी मागं फिरला आणि वर आला नाही. दिव्याचा उल्लेख एका ओळीत, बाजूला."

हेच तर ती जन्मभर मागत होती. आई असती तर बाईंचा हात हातात घेऊन रडली असती. मुकादमिणीनं आभार मानले, आणि आभार मानताना आपला आवाज कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा तिला वाटला.

दुपारभर ती कपडेघरात बसली. बाईंनी बोलावलेली माणसं आली नाहीत, कुणी तरी त्यांना आधीच काही सांगितलं असणार. तिनं हिशेब लावायचा प्रयत्न केला. घंटा एक, माणूस एक. आज लोलक बांधला की इथंच थांबेल. पांढरा सदरा वर राहील, कुलूप बंद राहील, उद्या फोटो निघेल आणि गावातली सगळी तोंडं कायमची बंद होतील. आणि घंटा झाली तर? तर उद्या सकाळी फोटोवाल्याला काय दिसेल? उघडं कुलूप. घरचे कपडे गायब. मग जो तो म्हणेल, बघा, निसटलाच होता.

लहानपणी बाप घरी यायचा तो मागच्या दारानं, केस ओले, कोट खांद्यावर. दारातूनच मोठ्यानं विचारायचा, "कोण आहे घरात?" आणि ती कुठंही असली तरी धावत येऊन ओरडायची, "मुकादमाची पोर!" रोज. एकदाही चुकलं नाही.

 भीती होतीच, ती काही दगड नव्हती. पण तो तिथं खाली उभा आहे, गळ्यापर्यंत पाण्यात, सहाही जणांना एकेक करून पुढं घालून, आणि आता फक्त स्वतःची सुटी व्हायची वाट बघतोय, हे एकदा मनात आल्यावर तिला बसवेना. दुसऱ्या कुणाच्या बापानं इतकी वाट बघितली असती? तिची मान त्या विचारानं ताठ झाली.

७

शिंपी घंटेपाशी आधीच येऊन उभा होता. 

"फोटो निघणार नाही मग," ती म्हणाली.

"नाही निघणार."

"लोक बोलतील."

"बोलू देत. मी आहे की त्यांना सांगायला," शिंपी म्हणाला. "मी इतकी वर्षं बोललो, तर माझं ऐकतील थोडं तरी."

तिनं दोरी हातात घेतली आणि टोला दिला. आवाज अंगणावरून गेला, चाकाच्या इमारतीला लागून परत आला. मग दोघं कपडेघराच्या दारात जाऊन उभी राहिली. ऊन खिडकीतून तिरपं येऊन फरशीवर पसरलं होतं.

थेंब थांबले होते. सहाही बादल्या शांत.

नहाणीघरात काही तरी जड, ओलं जमिनीवर टेकलं. मग पावलं. बूट पाण्यानं भरलेले असले की येतो तसा आवाज, एक, थांबून दुसरा, घाई अजिबात नाही. शिंप्यानं तिचा दंड धरला. कोपऱ्यातला बाक खांबाआड होता, तिथवर नजर जात नव्हती. आधी गळ्यातली चावी चाचपल्यासारखं वाजलं. मग गंजलेल्या कुलपात चावी फिरली, अडली, पुन्हा फिरली.

साखळी सुटली. कप्पी वर्षानुवर्षं फिरली नव्हती, ती ओरडलीच. पांढरा सदरा हलला आणि खाली यायला लागला, हात-हातभर, जपून, कोटाला भिंत लागू नये अशा बेतानं. उन्हाच्या पट्ट्यातून तो गेला तेव्हा त्यातून धूळ उडाली. मग खांबाआड गेला. एक हात दिसला. सदरा घ्यायला वर आलेला. पाण्यात फार वेळ राहिलेल्या माणसाचा, पांढरा फटक, सुरकुतलेला, आणि नखांत कोळसा.

शिंप्यानं डोळे मिटले. मुकादमिणीनं नाही मिटले, पण तिनं मान खाली घातली. बाप कपडे बदलत असताना बघायचं नसतं, एवढंच त्या वेळी तिच्या डोक्यात होतं.

पुन्हा साखळी वाजली, या वेळी वर जाणारी. तिनं मान वर केली तेव्हा सातव्या हुकावर काळे कपडे होते, आणि पाणी धारेनं गळत होतं. बाकावर कुलूप उघडं पडलं होतं. चावी त्यातच होती.

"शेवटी आला," शिंपी म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "सगळ्यांच्या शेवटी आला गं."

"मग?" मुकादमीण म्हणाली. "मी काय सांगत होते?"

८

ती घरी एकटीच गेली. शिंपी सोबत येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. तुझंही घर आहे, म्हणाली, तुझीही वाट बघत असतील. तो त्यावर पांढरा पडला, पण मान डोलावून आपल्या वाटेनं गेला.

गल्लीत उजेड होता. समोरच्या दाराला कुलूप होतं तसंच होतं. ती वळसा घालून मागच्या अंगाला गेली. मागचं दार तिनं सकाळी आतून कडी घालून बंद केलं होतं. ते अर्धवट उघडं होतं. उंबरठ्यावर साबणाच्या पाण्याचा ओघळ आला होता.

पळून जावं असं तिच्या प्रत्येक सांध्याला वाटत होतं. तिनं पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि आत पाऊल टाकलं.

स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून तो बसला होता. राखाडी कोट, पाठीवर घडीची पिवळी रेघ. केसांतून पाणी कॉलरमध्ये झिरपत होतं. मानेवर साबणानंही न निघालेली काळी कड. तिला आठवत होते त्याहून खांदे लहान होते. केस सगळे काळे होते. तिचा स्वतःचा मुलगा असता तर या वयाचा झाला असता.

त्याला चाहूल लागली. तो वळला नाही, फक्त डोकं जरा कलतं केलं, आणि आपल्या घरात कुणी अनोळखी म्हातारी आली असावी तसा, अदबीनं, पाण्यानं जड झालेल्या आवाजात म्हणाला,

"कोण आहे?"

 तिनं दाराची चौकट धरली आणि मान ताठ केली.

"मुकादमाची पोर," ती म्हणाली.